उमेदवारीचा खर्च कोणाच्या खात्यावर?

मार्च 1963 मध्ये कल्याणच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यात एक तरुण शिफ्ट सुपरवायझर म्हणून रुजू झाला. टायरला बळकटी देणाऱ्या धाग्याचं, म्हणजे टायर कॉर्डचं तंत्र कंपनीने हॉलंड आणि पश्चिम जर्मनीतल्या कंपन्यांकडून घेतलं होतं. त्यासाठी 1 लाख 40 हजार जर्मन मार्क ठरले होते आणि तंत्र गुप्त राखण्याची अटही होती. म्हणून या तरुणाकडून पाच वर्षांचा करार लिहून घेतला गेला. पहिले नऊ महिने त्याचे शिकण्यातच गेले. ऑक्टोबर 1964 मध्ये मात्र तो निघाला आणि कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये जास्त पगारावर रुजू झाला.

कंपनीने दावा लावला. कल्याणच्या दिवाणी न्यायालयापासून निघालेलं प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. 17 जानेवारी 1967 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला: कराराच्या उरलेल्या मुदतीत त्या माणसाने तेच काम दुसरीकडे करायचं नाही. वकिलीच्या अभ्यासात हा निकाल आजही येतो. त्याच्या पोटातला प्रश्न मात्र अर्थशास्त्राचा आहे. कामावर शिकवायला पैसे लागतात. ते घालायचे कोणी, आणि घातल्यावर त्या विद्येचा मालक कोण?

योगायोग असा, की तो तरुण कल्याण सोडून गेला त्याच 1964 साली अमेरिकेत गॅरी बेकर यांचं ‘ह्यूमन कॅपिटल’ प्रसिद्ध झालं. बेकर यांना पुढे 1992 चं नोबेल मिळालं. त्यांनी कामावरच्या शिक्षणाचे दोन भाग पाडले. भोसरीतल्या एखाद्या शेडमध्ये पोरगा लेथ चालवायला, ड्रॉइंग वाचायला, मायक्रोमीटर लावायला शिकला, तर ती विद्या शेजारच्या शेडमध्येही तितकीच चालते. मग तिच्यावर मालक खर्च कशाला करेल? शिकवून तयार केलेला माणूस शेजारी चार पैसे जास्त देऊन नेणार. म्हणून असं शिक्षण शिकणाऱ्याच्याच खर्चाने होतं, असं बेकर यांचं म्हणणं. तो फी भरत नाही, कमी पगार घेतो. याउलट त्या एकाच कारखान्यातल्या खास यंत्राची माहिती बाहेर कुचकामी असते. तिचा खर्च आणि फायदा दोघं वाटून घेतात.

आपल्या गॅरेजमालकांना हे बेकर यांच्याआधीपासून ठाऊक होतं. ‘शिकतोयस ना, मग पगार कसला?’ या वाक्यात अर्धा सिद्धांत येतो. भाषेलाही ते ठाऊक होतं. ‘उमेदवार’ हा शब्द फारसीतून आला. अर्थ, आशा धरून असलेला. निवडणुकीत उभा राहण्याआधी हा उमेदवार कचेरीत बिनपगारी कागद लिहीत बसायचा, कधीतरी कायम होऊ या भरवशावर. सरकारी मराठीत अॅप्रेंटिस आजही ‘शिकाऊ उमेदवार’ आहे.

पण या हिशेबात एक खोट आहे. घर गहाण ठेवता येतं, हातातली कला ठेवता येत नाही. ती शिकायला बँक सहसा कर्ज देत नाही. त्यामुळे ज्याच्या घरी चूल पेटवणारं दुसरं कोणी आहे, त्यालाच उमेदवारी परवडते. बाकीचे पहिल्या दिवसापासून रोज मिळेल अशा हमालीकडे वळतात. ज्याला शिकण्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच त्याची किंमत झेपत नाही.

जर्मनीत ही गाठ वेगळ्या रीतीने सोडवली आहे. तिथल्या मालकांनी सर्वत्र उपयोगी पडणारं शिक्षणसुद्धा स्वतःच्या पैशाने दिलं. हे बेकर यांच्या सूत्रात बसत नव्हतं. डॅरन असेमोग्लू आणि यॉर्न-स्टेफन पिश्के यांनी 1998 मध्ये त्याचा उलगडा मांडला. शिकवणाऱ्या मालकाला कामगाराची खरी कुवत कळते, बाहेरच्याला कळत नाही. म्हणून बाहेर त्याला पुरता भाव मिळत नाही, तो टिकतो, आणि शिकवण्यात घातलेला पैसा मालकाकडे परत येतो. जोडीला कायदाही आहे. 1969 पासूनच्या जर्मन प्रशिक्षण कायद्यानुसार उमेदवाराकडून शिकवल्याची भरपाई मागणारा करार रद्दबातल ठरतो. परीक्षा मालक घेत नाही, उद्योगांची चेंबर्स घेतात. 2020 मध्ये पहिल्या वर्षाच्या उमेदवाराला महिन्याला किमान 515 युरो देणं बंधनकारक झालं.

आपल्याकडे जर्मनीत रद्दबातल ठरणारा तो कागदच मालकाचा आधार झाला. बाँड. 1872 च्या करार कायद्याचं 27 वं कलम कोणाच्या धंद्याला किंवा पेशाला आडकाठी घालणारा करार अवैध ठरवतं, पण नोकरीच्या मुदतीपुरतं बंधन चालतं, हे कल्याणच्या खटल्याने पक्कं केलं. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणातही तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास 2 लाख रुपये भरण्याची अट मान्य केली. सरकारी बँकेला पुन्हा भरती करायला खर्च येतो, हा मुद्दा तिथे महत्त्वाचा ठरला. काही खासगी मालक याहून पुढे जातात, मूळ प्रमाणपत्रंच कपाटात ठेवून घेतात. आठ दिवसांच्या ‘ट्रेनिंग’वर दोन वर्षांचा बाँड, हा शिक्षणाच्या नावाखाली लावलेला फास आहे.

सरकारही खर्चात उतरलं. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली 30 किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के उमेदवार घ्यावे लागतात. 2019 मध्ये किमान विद्यावेतन 5 ते 9 हजार ठरलं. 2016 च्या राष्ट्रीय योजनेत त्याचा चौथा हिस्सा, 1500 रुपयांपर्यंत, केंद्राने उचलला. महाराष्ट्राने 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत 6, 8 आणि 10 हजारांचं पूर्ण विद्यावेतनच तिजोरीतून दिलं. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा झाली, आणि ती संपत आली तेव्हा प्रशिक्षणार्थी कायम नोकरीसाठी आंदोलनाला बसले. आशा धरून असलेला, हा उमेदवाराचा जुना अर्थ असा परत आला.

या योजनांमधली मेख कायद्यातच आहे. 1961 च्या कायद्यानुसार उमेदवार हा कामगार नव्हे. बहुतेक कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. त्यामुळे त्याला फक्त यंत्रावर उभं करून उत्पादन काढून घेणाऱ्या मालकालाही तो स्वस्तच पडतो. पैसे शिक्षणाचे, मिळतात मात्र स्वस्त हात.

म्हणून सरकारी पैसा विद्यावेतनाच्या महिन्यांवर मोजू नये. उमेदवार बाहेरच्या, त्रयस्थ परीक्षेत काय करून दाखवतो, त्यावर मोजावा. बाँड घ्यायचाच असेल तर शिकवण्याचा खर्च कागदावर मांडावा आणि काम केलेल्या प्रत्येक महिन्यागणिक रक्कम घटवावी. आणि घरात कोणी उमेदवारीला निघालं असेल, तर सही करण्यापूर्वी मालकाला एवढं विचारा: शिकवणार काय, किती दिवस, आणि शिकलो याची परीक्षा कोण घेणार? उत्तर मिळालं नाही, तर शिकण्याचा खर्च तुमच्याच खात्यावर पडणार आहे, असं समजा.