शिंदी, तंबू आणि गॅसबत्ती

लेखमाला : उठलेली दुकानं – भाग सहावा

भाचा पुण्यात हिंजवडीला नोकरीला आहे. दिवाळीला कळमनुरीला आला, तेव्हा जेवताना म्हणाला, "मामा, तुमच्या वेळी इथं संध्याकाळ झाली की लोक करायचे काय? पब नाही, क्लब नाही, लाइव्ह बँड नाही." मी म्हटलं, तिन्ही होतं की. पब झाडाला टांगलेला असायचा, क्लब लॉरीतून यायचा, आणि बँडला आधी इसार दिल्याशिवाय तो दारात उभा राहत नव्हता. त्याला वाटलं मामा थट्टा करतोय. म्हणून हा भाग.

मागच्या आठवड्यात निजामाच्या हाली आणि इंग्रजांच्या कलदार रुपयाचा हिशेब झाला. सात हाली म्हणजे सहा कलदार. आज तोच पैसा रात्री कुठं जायचा ते पाहू.

झाडाला टांगलेल्यापासून सुरुवात करतो. आमच्याकडं ओढ्यानाल्यांच्या काठानं शिंदीची झाडं असायची. शिंदी म्हणजे खजुराची रानटी बहीण. संध्याकाळी दोर कमरेला बांधून माणूस वर चढायचा, शेंड्याखाली खाच द्यायचा आणि मडकं अडकवून यायचा. रात्रभर रस ठिबकायचा. पहाटे उतरवला तर ती गोड नीरा. पण हवेतलं आणि मडक्याच्या पोटात मुरलेलं किण्व काही स्वस्थ बसत नाही. ऊन चढेल तसा रस फसफसायला लागतो, दुपारपर्यंत त्याची शिंदी होते, आणि दुसऱ्या दिवशी तोंडाला लावली तर नुसती आंबट. त्यामुळं या मालाचा साठा करता येत नव्हता. आजचा माल आजच खपवायचा. आजोबा सांगायचे, झाडाखाली उकिडवं बसायचं, पुढ्यात घुगऱ्या, आणि अंधार पडायच्या आत मडकं रिकामं. नशा बिअरइतकी, शंभरात चार-पाच भाग. पोट मात्र तुडुंब.

हे गरिबांचं पिणं होतं, पण त्यावर हक्क सरकारचा होता. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, आबकारीचं उत्पन्न तिजोरीत मोठं होतं. झाडावर कर लागायचा आणि दुकानं लिलावानं गुत्त्यावर दिली जायची. गुत्ता घेणारा तो गुत्तेदार. आबकारी गेली, निजाम गेला, शब्द राहिला. मराठवाड्यात आजही रस्त्याचं काम घेणाऱ्याला कंत्राटदार म्हणणारा माणूस बाहेरगावचा समजावा.

या झाडांवर कुऱ्हाड पडली ती १९४७ मध्ये. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसनं ७ ऑगस्टला भारतात सामील होण्यासाठी लढा पुकारला. सरकारचं उत्पन्न बुडवायचं म्हणून कार्यकर्त्यांनी करोडगिरीचे नाके, म्हणजे जकातीचे नाके, लक्ष्य केले आणि गावोगाव शिंदीची झाडं तोडली. कळमनुरीच्या उत्तरेला पैनगंगा. तिच्या पलीकडं वऱ्हाड, म्हणजे दुसरं राज्य. तिकडं उमरखेडला लढ्याचा मोठा कॅम्प होता. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मोकळं झालं. १९५६ मध्ये आम्ही मुंबई राज्यात गेलो, तेव्हा मुंबईचा १९४९ चा दारूबंदीचा कायदाही मागून आला. शिंदी हटली आणि हातभट्टी आली. तोडलेल्या झाडांचा उल्लेख पुस्तकात अभिमानानं येतो, आणि तो यायलाच हवा. पण त्या झाडांवर चढून पोट भरणारा माणूस दुसऱ्या दिवशी काय करत होता, हे मला एकाही पुस्तकात वाचायला मिळालेलं नाही.

आता क्लब.

खरीप पदरात पडलं, हिंगोलीचा दसरा उरकला, सुगीचा पैसा हातात आला, की टुरिंग टॉकीज यायची. पावसाळ्यात तंबू टिकत नाही, म्हणून तिचा धंदा दसऱ्या-दिवाळीपासून उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत. जत्रा-उरुसाच्या हिशेबानं गावं ठरायची. आमच्याकडं नुरी बाबांच्या दर्ग्याचा उरूस. तिथं कव्वालीचा मुकाबला रंगला की तंबूवाल्याची रात्र वाया, असं गणित असायचं. तालुक्यातल्या आंध आदिवासींच्या वस्त्यांवर दंडार, म्हणजे त्यांचं लोकनाट्य, उभं राहिलं, तरी तेच. नाहीतर दिवसभर टांग्यातून भोंगा फिरायचा, "आज रात्री ठीक नऊ वाजता!" नऊ म्हणजे दहा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

लॉरीत तंबू, कनाती, जनरेटर, प्रोजेक्टर आणि पत्र्याचे गोल डबे. त्या डब्यांत सिनेमा. सेकंदाला २४ चित्रं आणि एका फुटात १६, म्हणजे मिनिटाला ९० फूट फीत सरकते. पावणेतीन तासांचा सिनेमा म्हणजे पंधरा हजार फुटांच्या आसपास, जवळजवळ साडेचार किलोमीटर. शहरातल्या टॉकीजमध्ये दोन प्रोजेक्टर असायचे, एक थांबायच्या आत दुसरा सुरू. तंबूत एकच. त्यामुळं रीळ संपलं की अंधार, शिट्ट्या, बिड्या, रडणारी लेकरं, आणि ऑपरेटरच्या नावानं प्रेमळ शिव्या. सिनेमात एकच मध्यंतर असतं, हे मला नांदेडला शिकायला गेल्यावर कळलं.

ऑपरेटर हा तंबूतला सगळ्यात मोठा कलावंत होता, हे माझं मत अजून बदललेलं नाही. दिव्याच्या जागी कार्बनच्या दोन कांड्या. त्यांची टोकं जवळ आणून थोडी दूर केली की मध्ये विजेची कमान पेटते आणि तिचा लख्ख उजेड पडद्यावर जातो. पण कांड्या जळून झिजतात, अंतर वाढतं, उजेड पिवळा पडतो. म्हणून दर थोड्या वेळानं तो हातानं कांडी पुढं सरकवायचा. एका हातात ती कांडी, दुसऱ्या हातात चहाची बशी, आणि कान मशीनच्या खडखडाटाकडं. फीत अडकली की पडद्यावर नटीच्या गालाला फोड यायचा, तो पसरत जायचा आणि सगळं पांढरं व्हायचं. मग कात्री, सिमेंट नावाचा चिकट द्रव, आणि दोन-चार चित्रं कायमची गायब. आमच्यापर्यंत येणाऱ्या प्रती आधी शहरं, मग जिल्हे, मग तालुके फिरून आलेल्या असायच्या. गाण्याच्या मधली कडवी रस्त्यातच गळालेली.

आणखी एक गंमत. निजामाचं राज्य जाऊन इतकी वर्षं झाली, पण सिनेमाच्या व्यापारात आजही एका विभागाला ‘निजाम’ म्हणतात, आणि तेलंगणाबरोबर मराठवाडाही त्याच हिशेबात येतो. राज्य गेलं, पण वितरकाच्या वहीत त्याची हद्द जशीच्या तशी आहे.

आत बायका एकीकडं, पुरुष एकीकडं, मध्ये कनात. पुढं जमीन, मागं लोखंडी खुर्च्या. आणि ज्यांच्याकडं पुरते पैसे नसत, ते पडद्याच्या मागं. पडदा पांढऱ्या कापडाचा, चित्र आरपार दिसायचं, फक्त उलटं. अक्षरं उलटी, मोटारींचे नंबर उलटे. मी अमिताभचे सगळे सुरुवातीचे सिनेमे मागून पाहिले. तो मुळात डावखुरा. मागून बघणाऱ्याला उजवा. खुर्चीत बसणाऱ्या सावकाराच्या पोराशी माझी शाळेत यावरून मारामारी झाली होती, आणि दोघंही आपापल्या डोळ्यांची शपथ घेत होतो.

१९७५ मध्ये ‘जय संतोषी माँ’ आला, तेव्हा ठिकठिकाणी बायका चपला बाहेर काढून टॉकीजमध्ये जात, पडद्यावर नाणी उधळत. दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ १९७१ चा, आमच्या तंबूत तो नंतरही कितीदा आला. घरातली मोठी माणसं त्याला नाकं मुरडायची आणि शेवटच्या खेळाला जाऊन यायची. १९९१ ला ‘माहेरची साडी’ लागला, तेव्हा आजूबाजूच्या खेड्यांतून बैलगाड्या जुंपून बायका आल्या. तंबूला आलेला तो शेवटचा पूर, असं मला वाटतं. कारण तोवर घरात बसून बघायची सवय लागली होती. जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’. लग्नघरी टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीच्या भाड्यानं आणून लागोपाठ तीन सिनेमे. तिसरा कुणी जागेपणी पाहिल्याचं मला आठवत नाही. पुढं रीळच छापायचं बंद झालं आणि तंबूचे प्रोजेक्टर भंगारात गेले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या या तंबूंच्या शेवटच्या दिवसांवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. तो २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. आमचा तंबू कानला पोचला, पण मशीन विकून झाल्यावर.

कॅसेट भरून देणाऱ्या दुकानांबद्दल एक पूर्ण भाग लिहीन, कारण आपल्या आवडीची बारा गाणी कागदावर लिहून द्यायची आणि दोन दिवसांनी साठ मिनिटांची कॅसेट घ्यायला जायचं, यातली धडधड दोन ओळींत मावत नाही. तिथं मोहम्मद रफी आणि प्रल्हाद शिंदे एकाच फळीवर शेजारी शेजारी असत, एवढं आज सांगून ठेवतो.

राहिला बँड. भाच्याला सगळ्यात कमी माहिती याचीच होती.

पूर्वी लग्नात हलगी आणि सनई. ती वाजवणारी मांग समाजातली घरं, आणि वाजवणं हे बलुत्यातलं काम. म्हणजे मजुरी धान्यात, मान शून्य. मग छावण्यांतल्या लष्करी बँडची नक्कल होत होत पितळी वाद्यं लग्नात आली. हिंगोलीतही हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. वाद्यं मेरठहून येतात. तिथल्या जली कोठी भागात पितळी वाद्यांचे कारखाने आहेत, त्यातली नादिर अली अँड कंपनी १८८५ पासूनची. आमच्या भागातही हलगीवाल्यांच्या घरातली पोरंच मोठ्या संख्येनं बँडमध्ये गेली. त्यांना लाल कोट मिळाला, खांद्यावर सोनेरी झालर मिळाली, आणि मुख्य म्हणजे इसार रोख मिळू लागला. पंगत मात्र शेवटचीच मिळत राहिली. कोट घातल्यानं तेवढं बदललं नव्हतं.

वाजवण्याची रीत पाहण्यासारखी. गाणं उचलायचं काम क्लॅरोनेटवाल्या मास्तरचं. नवा सिनेमा लागला की तो तंबूत पडद्याकडं न बघता डोळे मिटून बसायचा. कागदावर नोटेशन कधीच नव्हतं. दोन-तीन खेळांत गाणं बोटांत बसवायचं, दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना तोंडानं म्हणून दाखवायचं. क्लॅरोनेट गायकाची ओळ घ्यायचं, ट्रम्पेट ती उचलून परत म्हणायचे, युफोनियम खाली घुमत राहायचा, मोठा ढोल पाय उचलायला लावायचा. तंबू आणि बँड हे एकमेकांच्या जिवावर जगत होते. गाणं तंबूतून बँडमध्ये यायचं, आणि बँडवर ऐकलेल्या गाण्यासाठी लोक पुन्हा तंबूत जायचे.

वरात रात्रीची. दोन्ही बाजूंनी डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बाया. रॉकेलला दाब द्यायला पंप, आत जाळीचं मेंटल, त्याचा पांढरा उजेड आणि सतत सुसू आवाज. त्या उजेडात नवरदेव, सोयरे, पितळ, सगळं झळाळायचं. फक्त बत्ती घेतलेली बाई स्वतः अंधारात असायची, कारण उजेड तिच्या डोक्यावर.

आणि ठरलेल्या क्षणी ‘नागीन’ सुटायचा. १९५४ चा सिनेमा, हेमंतकुमारांचं संगीत. पडद्यावर गारुडी पुंगी वाजवतो, पण त्या आवाजात पुंगी नाहीच. तो कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या विजेच्या वाद्यावर आणि रवींनी पेटीवर काढलेला. म्हणजे विजेच्या वाद्यानं पुंगीची नक्कल केली, आमच्या मास्तरनं क्लॅरोनेटवर त्या नक्कलेची नक्कल केली, आणि खाली मातीत लोळणारा वराती, दातात रुमाल धरून, खराखुरा नाग होऊन गेलेला.

पुढं हातगाड्यावर कर्णे आले, कॅसिओ आला, माइकवर गाणारा आला. मग बेंजो. हे मूळ जपानातलं १९१२ चं वाद्य, ताइशोगोतो. इथं येऊन ते बुलबुलतरंग झालं, त्याला वीज जोडली आणि त्याचं नाव बेंजो पडलं. प्रत्येक पायरीवर माणसं कमी होत गेली. वीस माणसांचा बँड, आठ जणांचा बेंजो, आणि डीजेला एक पोरगा आणि एक टेम्पो. लग्नघरानं हिशेब केला, त्यात लग्नघराचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. वीस माणसांचं जेवणच परवडत नाही आता.

भाच्याचं लग्न गेल्या उन्हाळ्यात झालं. अर्थात डीजे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वाजवायला २००० सालच्या नियमांनी बंदी आहे, त्यामुळं साडेनऊपासूनच सगळ्यांची घाई. पावणेदहाला भाचा त्या पोराच्या कानाशी काहीतरी बोलला. छाती हादरवणाऱ्या ठोक्यांवर तीच पुंगी सुरू झाली. हिंजवडीचे चार-पाच इंजिनिअर आधी एकमेकांकडं बघत राहिले. मग त्यातल्या एकानं खिसे चाचपले. रुमाल नव्हता, म्हणून त्यानं गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र दातात धरलं आणि सूटसकट खाली बसला.

(पुढच्या रविवारी : कॅसेट भरून मिळेल)