कफर्णहूम : मच्छीमाराच्या घरातलं देऊळ

गालील समुद्र म्हणजे खरं तर गोड्या पाण्याचं सरोवर, समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मीटर खाली. त्याच्या वायव्य काठावर कफर्णहूम वसलं होतं. नासरेथ सोडून येशू इथे राहायला आला, असं मत्तयाचं शुभवर्तमान सांगतं. पुढे गाव ओस पडलं आणि त्याची नेमकी जागाही विसरली गेली. १८६६ मध्ये चार्ल्स विल्सन यांनी तिथले अवशेष कफर्णहूमचे असल्याचं ओळखलं. १८९४ मध्ये फ्रान्सिस्कन संघानं ती जमीन विकत घेतली.

१९६८ पासून विर्जिलिओ कोर्बो आणि स्तानिस्लाओ लोफ्रेदा यांनी इथे उत्खनन केलं. पाचव्या शतकातल्या अष्टकोनी चर्चच्या खाली त्यांना काळ्या बेसॉल्टच्या घरातली एक खोली सापडली. शेजारच्या घरांसारखीच ती साधी. पण तिच्या भिंतींना आणि जमिनीला गिलावा होता, तोही पुन्हा पुन्हा दिलेला. पहिल्या शतकाच्या मध्यानंतर तिथली रोजच्या स्वयंपाकाची भांडी दिसेनाशी होतात. पुढे गिलाव्यावर ग्रीक आणि सिरियाक अक्षरं कोरलेली आढळतात. घर हळूहळू उपासनेची जागा होत गेलं, असा अर्थ उत्खननकारांनी लावला. हेच येशूचा मच्छीमार शिष्य पेत्र याचं घर, अशी इथली परंपरा आहे.

घरांची बांधणीही बोलकी आहे. ओबडधोबड दगड चुन्याविना रचलेले, फटींत चिपा ठासलेल्या. अशा भिंतींना जड छत पेलवणारं नव्हतं. म्हणून वर तुळया, फांद्या, माती आणि काड यांचं माळवद असायचं आणि अंगणातून दगडी पायऱ्या थेट वर जायच्या. चौघांनी छप्पर उकरून पक्षाघाती माणसाला खाटेसकट येशूपुढे उतरवलं, ही मार्कच्या शुभवर्तमानातली गोष्ट अशा घरात सहज घडू शकते.

तो माणूस खरोखर बरा होऊन उठून चालला का, हे माती सांगू शकत नाही. तो श्रद्धेचा प्रांत. पण माणसांनी एका कष्टकऱ्याची राहती खोली पिढ्यान्‌पिढ्या जपली, एवढं ती ठामपणे सांगते. जवळच चुनखडीचं पांढरंशुभ्र, देखणं यहुदी सभास्थान उभं राहिलं, तरी ख्रिस्ती यात्रेकरूंची पावलं या खोलीकडेच वळत राहिली. देव माणसाच्या घरी येतो, या विश्वासाचा इतका जुना आणि इतका साधा पुरावा क्वचितच कुठे पाहायला मिळेल.