चक बेरी: उसनं काय, स्वतःचं काय?

मागच्या व्याख्यानात आपण ब्लूज ऐकला. त्यातून रॉक अँड रोल कसा निघाला, ते आज चक बेरी यांच्या निमित्तानं पाहू. आम्ही त्यांचे चाहते आहोत, हे आधीच सांगून टाकतो. पण आपण नेमकी कशाला दाद देतोय, हे चाहत्याला सांगता आलं पाहिजे.

आधी ब्लूजचा सांगाडा. नेहमीचं आवर्तन बारा खंडांचं, प्रत्येक खंडात चार मात्रा. म्हणजे एकूण 48. पहिले चार खंड साथीचा स्वरमेळ 'सा'वर राहतो. मग दोन खंड 'म'वर, दोन पुन्हा 'सा'वर. शेवटच्या चारांत 'प'वर जायचं, बहुधा 'म'वरून उतरायचं आणि 'सा'वर परत यायचं. आपण समेची वाट पाहतो ना, तशी ऐकणारा या परतीची वाट पाहतो. त्यावर गाणारा गंधार लावतो तो धड कोमल नाही, धड शुद्धही नाही. ब्लूजचा दुखरेपणा बराचसा तिथून येतो.

बेरी 1926 साली सेंट लुईसमध्ये जन्मले. टी-बोन वॉकर यांची गिटार आणि लुई जॉर्डन यांच्या बँडमधले गिटारवादक कार्ल होगन यांचं वादन त्यांनी कान देऊन ऐकलं होतं. 'जॉनी बी. गुड' या 1958 च्या गाण्याची सुरुवात ऐका. मग जॉर्डन यांच्या 1946 च्या 'एन्ट दॅट जस्ट लाइक अ वुमन'ची ऐका. सूर जवळजवळ तेच!

मग बेरींचं स्वतःचं काय? पहिली गोष्ट लयीची. साथीचा ठेका झुलत चाललेला असतो, आणि यांची गिटार मात्रेचे दोन सारखे भाग करत सरळ धावते. या ओढाताणीतून गाण्याला रेटा मिळतो. दुसरी गोष्ट, बूगी-वूगी पियानोत डावा हात जे वाजवतो, ते त्यांनी गिटारच्या जाड तारांवर आणलं. तिसरी, त्यांच्या गाण्यांत शाळकरी मुलं, मोटारी, शाळा सुटल्यावरची धमाल आली. सांगाडा जुनाच, पण त्यात राहायला तरुण पोरं आली.

1955 मध्ये शिकागोत मडी वॉटर्स यांनी त्यांना चेस रेकॉर्ड्सच्या लेनर्ड चेस यांच्याकडे जायला सांगितलं. आपले ब्लूजच तिथे आवडतील, असं बेरींना वाटत होतं. चेस यांना आवडलं ते 'आयडा रेड' या जुन्या ग्रामीण गाण्यावरून बेतलेलं गाणं. तेच 'मेबेलिन'. त्याचं ध्रुपद मात्र बारा खंडांच्या ब्लूजचंच आहे.

गाणं गाजलं, पण गीतकार म्हणून बेरींच्या जोडीला रेडिओ निवेदक ॲलन फ्रीड यांचंही नाव लागलं. पूर्ण श्रेय मिळायला 1986 उजाडलं. आणि दुसरी बाजूही बघा. पियानोवादक जॉनी जॉन्सन यांनीच 1952 च्या अखेरीस बेरींना आपल्या बँडमध्ये घेतलं होतं. गाण्यांत आपलाही वाटा आहे, असं म्हणत जॉन्सन 2000 साली कोर्टात गेले. फार काळ लोटला, या कारणानं दावा फेटाळला गेला. म्हणून दाद देताना आम्ही होगन आणि जॉन्सन यांचीही नावं घेतो. त्यानं बेरी लहान होत नाहीत.

1977 मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात गेलेल्या तबकडीवर 'जॉनी बी. गुड' आहे. त्याच तबकडीवर ब्लूजच्या अंगानं गाणारे ब्लाइंड विली जॉन्सन आहेत, आणि गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही. घरी ही तिन्ही ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐका. गंधारावर विशेष लक्ष ठेवा. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.