२०० किलोमीटरची बीआरएम: शर्यत नाही, पण घड्याळ आहे

आजचा भाग खास सायकलवाल्यांसाठी. म्हणजे ज्यांनी पन्नास आरामात केलेत, शंभर एकदा करून पाहिलेत आणि आता ग्रुपमधलं कुणीतरी मागे लागलंय, "चल, बीआरएम करू."

बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड. नाव फ्रेंच आहे, कारण निकालाची नोंद शेवटी पॅरिसच्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियनकडे होते. हा क्लब १९०४ सालचा. आपल्याकडे पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरचे स्थानिक क्लब या राइड घेतात. २००, ३००, ४००, ६०० अशी अंतरं. एकाच सीझनमध्ये चारही केलीत की तुम्ही 'सुपर राँदोनर'.

इथे पहिला नंबर कुणाचाच नसतो. दहा तासांत आलेला आणि तेरा तासांत आलेला, दोघांची किंमत सारखीच. पण २०० ला १३ तास ३० मिनिटं उलटली की संपलं, राइड धरली जात नाही.

आता गणित बघू. किमान वेग ताशी १५ किलोमीटर. त्या हिशेबाने १३ तास २० मिनिटं होतात, नियमात मात्र साडेतेरा दिलेत. वरची दहा मिनिटं बोनस! (कोड लिहिणाऱ्या माणसाला असा अपवाद दिसला की उगाच आनंद होतो.) वाटेत कंट्रोल असतात, तिथे कार्डवर शिक्का किंवा सही घ्यायची. प्रत्येक कंट्रोलला उघडायची आणि बंद व्हायची वेळ असते. सकाळी ६ ला निघालात तर १०० किलोमीटरचा कंट्रोल १२:४० ला बंद होतो.

समजा, चालत्या सायकलचा तुमचा सरासरी वेग २० आहे. म्हणजे दहा तास पेडल मारणं, साडेतीन तास शिल्लक. भरपूर वाटतात ना? पाच ठिकाणी थांबलात, प्रत्येक वेळी "फक्त चहा" म्हणत चाळीस मिनिटं गेली, की झाले ३ तास २० मिनिटं. उरली दहा मिनिटं. एक पंक्चर झालं की खेळ खलास. माझ्या मते पहिली २०० हातातून जाते ती चढावर नाही, हॉटेलच्या खुर्चीत जाते. म्हणून केळी, चिक्की, खजूर जर्सीच्या खिशात ठेवा आणि चालता चालता खा.

चढाचा हिशेबही आधीच धरा. पुण्याहून सातारा रस्त्याला गेलात तर कात्रज आणि खंबाटकी लागणारच. पाच किलोमीटरचा चढ ताशी ८ ने चढलात तर साडेसदतीस मिनिटं जातात, सपाटीवर तेच अंतर पंधरा मिनिटांचं. उतारावर थोडा वेळ परत मिळतो, सगळा नाही, कारण ब्रेक मारावेच लागतात. मारा!

सायकल महागडीच हवी असं काही नाही. एमटीबी असेल तर गुळगुळीत, बारीक टायर टाका, खूप फरक पडतो. मागे घरच्यांची गाडी ठेवायची परवानगी नसते, मदत घ्यायची तर ती फक्त कंट्रोलवर. त्यामुळे दोन स्पेअर ट्यूब, टायर लिव्हर, पंप सोबत हवेत, आणि ट्यूब स्वतः बदलता यायला हवी. घरी दोनदा बदलून बघा, मागचं चाक धरून.

हेल्मेट, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, पुढचा-मागचा लाइट याबाबत अजिबात तडजोड नको. सकाळी ६ ला निघालेला माणूस संध्याकाळी साडेसातपर्यंत रस्त्यावर असू शकतो आणि डिसेंबरात तोवर गडद अंधार झालेला असतो. हायवेवर सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे सर्व्हिस रोड संपून मुख्य रस्त्याला मिळतो ती. मागचा ट्रक दिसण्याआधी ऐकू येतो, शिवाय समोरून उलट्या दिशेने बाइकवालेही येतात. म्हणून इअरफोन नको. हो, आमचा पॉडकास्टसुद्धा नको, तो घरी आल्यावर ऐका.

शेवटच्या कंट्रोलला पोचलात की आधी कार्ड द्या, मग सेल्फी. घड्याळ तुमच्या सहीच्या वेळेला थांबतं, गेटमधून आत शिरल्यावर नाही. आणि परत घरी जायला कुणाला तरी न्यायला बोलवा. तेरा तास सायकल चालवून स्कूटरवर बसलं की डोळे मिटायला लागतात.