यादी गेली, वस्तू राहिल्या

सी प्लस प्लसमध्ये ‘व्हेक्टर’ (लांबी बदलू शकणारी यादी) संपला की प्रत्येक घटकाचा डिस्ट्रक्टर (नष्ट होताना आवराआवर करणारे फंक्शन) आपोआप चालतो. म्हणून सगळी मेमरी मोकळी झाली, असा समज होतो. घटक प्रत्यक्ष वस्तू असतील तर तो बरोबरच आहे. पण ते साधे पॉइंटर (वस्तूचा मेमरीतला पत्ता) असतील तर? पत्त्यांची वही फाडली म्हणून घरे पडत नाहीत. ‘न्यू’ने घेतलेल्या वस्तू तशाच राहतात, आणि पत्ता दुसरीकडे टिपलेला नसेल तर त्या ‘डिलीट’ही करता येत नाहीत. जावात गार्बेज कलेक्टर (वापराबाहेरची मेमरी परत मिळवणारी यंत्रणा) असल्या वस्तू हुडकतो. तिथून आलेल्यांची गल्लत होते यात नवल नाही. सी प्लस प्लसच्या २०११च्या मानकात ‘युनिक पॉइंटर’ आला. तो जाताना आपली वस्तूही नष्ट करतो. व्हेक्टरमध्ये शक्यतो तोच ठेवावा.