वाळवीच्या पोटातील बिऱ्हाडकरू

दाराची चौकट आतून पोकळ करणारी वाळवी लाकूड खाते, हे खरे. परंतु ते एकटीच्या बळावर पचविणे तिला शक्य नसते. हे काम तिच्या आतड्याच्या मागील भागात दाटीवाटीने राहणाऱ्या एकपेशीय जीवांचे. चाबकासारखे हलणारे तंतू, अर्थात कशाभिका अंगावर असल्याने त्यांना कशाभिकाधारी म्हणतात.

अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ लायडी यांनी १८७७ मध्ये यांपैकी 'ट्रायकोनिम्फा'चे वर्णन केले, तेव्हा त्यांनी हे जीव परजीवी मानले होते. फुकट्यांचा हा शिक्का पुसला तो एल. आर. क्लीव्हलँड यांनी १९२०च्या दशकात. त्यांनी वाळवी २४ तास ३६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवली. वाळवी जगली, पोटातील जीव मात्र मेले. त्यानंतरही ती पूर्वीसारखीच लाकूड कुरतडत राहिली आणि काही आठवड्यांतच भरल्या पोटी उपासमारीने मेली. ते जीव पुन्हा पोटात सोडले, की ती तगत असे.

हा जीव लाकडाचा कण आपल्या पेशीत ओढून घेतो, त्यातील सेल्युलोज फोडतो आणि ॲसिटेट बाहेर टाकतो. तेच वाळवीचे अन्न. प्राणवायू या जीवांना विषासमान असल्याने आतड्यातील कोंदट अंधार त्यांच्या सोयीचा. वाळवीचे शरीरही काही विकरे स्वतः तयार करते, हे १९९८ मध्ये सिद्ध झाले. मात्र अशा जातींचे तेवढ्यावर भागत नाही.

कात टाकताना आतड्याचे अस्तर निघून जाते आणि त्यासोबत हे बिऱ्हाडही. मग वारुळातील दुसऱ्या वाळवीच्या गुदद्वारातून स्रवणारा द्रव चाटून ते पुन्हा मिळवावे लागते. वाचताना किळस येईल. पण वाळवीला समूहाने राहण्याची सवय लागली ती याच गरजेपोटी, असा क्लीव्हलँड यांचा तर्क होता.

याहून नवलाची गोष्ट उत्तर ऑस्ट्रेलियातील 'मास्टोटर्मिस डार्विनिएन्सिस' या वाळवीच्या पोटात आहे. तिथला 'मिक्सोट्रिका पॅराडॉक्सा' हा जीव जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब. १९३३ मध्ये त्याचे वर्णन झाले, तेव्हा त्याच्या अंगभर लव असल्याचे मानले गेले. क्लीव्हलँड आणि ए. व्ही. ग्रिमस्टोन यांनी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर ती लव नव्हतीच! ते होते त्याच्या पृष्ठभागाला चिकटलेले, नागमोडी वळवळणारे लक्षावधी जिवाणू. त्यांच्या एकत्रित वल्हवण्यावर हा जीव पुढे सरकतो. स्वतःच्या चार कशाभिका केवळ दिशा बदलण्यापुरत्या. त्याच्या पेशीच्या आतही आणखी जिवाणू आहेत. बिऱ्हाडात पोटबिऱ्हाड, ते असे.

आपल्याकडे माळरानावर दिसणारी उंच वारुळे बांधणाऱ्या 'ओडोन्टोटर्मिस' वाळवीकडे मात्र हे जीव नाहीत. लाकडी सामान पोखरणाऱ्या 'कॉप्टोटर्मिस'सारख्या जातींनी ते सांभाळले, वारूळवाल्यांच्या पूर्वजांनी गमावले. त्यांनी लाकूड आणि पालापाचोळा पचवण्याचे काम बुरशीकडे सोपविले. वारुळाच्या पोटात ते तिची रीतसर शेती करतात. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी आणि खवय्ये शोधत फिरतात ती अळंबी याच शेतातली.