साठीनंतरची शर्यत: बाबांच्या शेजारच्या सीटवरून

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय. मारुंजीत आमच्या बिल्डिंगच्या मागे अजून एक टॉवर उभा राहतोय, त्यामुळे ऑडिओत मधूनमधून मशीनचा घरघराट आहे. इथे निदान तो तरी नाही.

तर विषय असा. मागच्या दिवाळीनंतर एकदा जेवता जेवता बाबा म्हणाले, "मला रेसिंग करायचंय."

बाबांचं वय ६३. चिंचवडला एका कारखान्यात क्वालिटीला ३४ वर्षं काढली. रोज सकाळी बीपीची गोळी. तरुणपणी पावसाळ्यात चिखलातून दोन-तीन स्कूटर रॅल्या केल्या होत्या, त्याचा एक पिवळा पडलेला फोटो कपाटात आहे. आईने भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "अहो, काहीतरीच काय!"

आणि मी? मी इंजिनिअर माणूस, लगेच गूगल करायला बसलो. खरं सांगू का, बाबांना नाही म्हणायला कारणं शोधत होतो. सापडलं ते वेगळंच. तेच आज सांगतो.

या वयात हे कोण करतं?

बरेच जण करतात. पॉल न्यूमन हा हॉलिवूडचा मोठा नट चाळिशी उलटल्यावर रेसिंगमध्ये उतरला. १९७९ साली ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याच्या टीमची गाडी दुसरी आली, तेव्हा तो ५४ वर्षांचा होता. १९९५ मध्ये डेटोनाच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याची टीम आपल्या गटात जिंकली, तेव्हा त्याला नुकती सत्तर पूर्ण झाली होती. कार्लोस साइन्झने २०२४ ची डकार रॅली जिंकली ती ६१ व्या वर्षी. हा फॉर्म्युला वनवाल्या साइन्झचा बाप, बरं का.

तुम्ही म्हणाल, ही मोठी माणसं, मोठे पैसे. मग घराजवळचं उदाहरण घ्या. पुण्याचे संजय टकले पन्नाशी ओलांडल्यावर २०२५ ची डकार क्लासिक सौदीच्या वाळवंटात टोयोटा लँड क्रूझर घेऊन धावले. ही डकार क्लासिक काय भानगड आहे, ते लक्षात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

वय नक्की कुठे अडवतं?

आपल्याला वाटतं, वय झालं की रिफ्लेक्स जातात, संपला विषय. ते अर्धंच खरं आहे. हिशोब बघा. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साधारण २८ मीटर कापते. समजा तुमच्यापेक्षा बाबांना ब्रेकवर पाय ठेवायला एक दशांश सेकंद जास्त लागला, तर गाडी जवळपास तीन मीटर पुढे जाते. सर्किटवर दोन गाड्या एकमेकींना चिकटून वळणात शिरतात तेव्हा तीन मीटर म्हणजे फार झाले. पण ज्याला वळण आधीच वाचता येतं, तो ब्रेक मुळात लवकर लावतो. अनुभव त्या तीन मीटरची बरीच भरपाई करतो. सगळी नाही.

मला जास्त घाबरवलं ते बाकीच्या गोष्टींनी. पहिली डोळे. चाळिशीनंतर जवळचं-लांबचं फोकस बदलायला वेळ लागतो. आधी रस्ता, मग मीटर, परत रस्ता, असं करताना नजर जरा अडखळते. रात्री समोरच्या गाडीचा हेडलाइट डोळ्यावर आला तर डोळे सावरायलाही जास्त वेळ जातो.

दुसरी उष्णता. हेल्मेट, जाड रेससूट, बंद गाडी, एसी नाही. घाम धो धो. आणि वय वाढतं तशी तहान कमी जाणवायला लागते. म्हणजे शरीराला पाणी हवं असतं आणि माणूस म्हणतो, "मला काही झालं नाही." बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी बाहेर काढतात, मग काम आणखी बिघडतं.

तिसरी हृदय. शर्यतीत ड्रायव्हर बसलेला दिसतो, पण त्याचं हृदय पळणाऱ्या माणसासारखं धावत असतं. म्हणूनच आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी एफआयएच्या नियमांत ४५ च्या पुढच्या ड्रायव्हरना व्यायाम करताना काढलेला ईसीजी लागतो, म्हणजे आपली ट्रेडमिल टेस्ट.

आम्ही ती केली. मी बाहेर बाकावर बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, डॉक्टर नाही म्हणू देत. म्हणजे मला नाही म्हणायला लागणार नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, म्हणाले, हृदय ठीक आहे, पण जोर लावला की बीपी फार चढतंय. गोळी बदलून दिली आणि स्पष्ट सांगितलं, "सर्किटवरची रेस नको. गाडी चालवायला माझी हरकत नाही."

घरी येईपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत. लक्ष्मी चौकात वीस मिनिटं अडकलो, तरी नाही. एरवी तिथे ते पूर्ण प्रशासनाचा उद्धार करतात. मला जे हवं होतं तेच झालं होतं, आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं.

मग टीएसडी सापडलं

रेसिंग म्हणजे फक्त सर्वांत जोरात कोण, असं नसतं. टीएसडी नावाचा प्रकार आहे: टाइम, स्पीड, डिस्टन्स. आयोजक एक रस्ता देतात आणि सांगतात, या टप्प्यात सरासरी ताशी ३६ ने चाला, पुढच्यात ४२ ने. वाटेत कुठेतरी लपलेले मार्शल तुमची वेळ टिपतात. उशीर झाला तर सेकंदाला दंड. लवकर पोहोचलात तरी दंड, आणि अनेक स्पर्धांत तो उशिराच्या दंडापेक्षा जास्त. जो घड्याळाशी सर्वांत इमानदार, तो जिंकला. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनची महिलांची रॅली याच प्रकारची असते. आणि ती डकार क्लासिक? तीही मुळात नेमून दिलेली सरासरी पाळण्याचीच स्पर्धा, फक्त वाळवंटात आणि जुन्या गाड्यांची.

इथे दोघं लागतात. ड्रायव्हर आणि नॅव्हिगेटर. नॅव्हिगेटर शेजारी बसून रस्ता सांगतो आणि गणित करतो. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "तू असशील तर जाऊ देत."

गणित सोपं आहे, करून बघा. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, म्हणजे एक किलोमीटरला १०० सेकंद. १२.४ किलोमीटरवर तुम्ही बरोबर १२४० सेकंदांनी, म्हणजे २० मिनिटं ४० सेकंदांनी असायला हवं. हिंजवडीत ऑफिस सुटल्यावर ३६ ची सरासरी म्हणजे स्वप्नच, पण रविवारी पहाटे नेरेवरून कासारसाईच्या बाजूला सरावाला जाताना जमते.

मी त्याचा एक मस्त प्रोग्रॅम लिहिला. बाबांनी वहीत हाताने तक्ता काढला: प्रत्येक अर्ध्या किलोमीटरला किती सेकंद. मी हसलो होतो.

आमची पहिली रॅली

मोठी नव्हती, एका क्लबची एक दिवसाची होती. आमच्या गटात फोन वापरायला बंदी निघाली. म्हणजे माझा प्रोग्रॅम खिशात, बाबांची वही मांडीवर.

आयोजक सुरुवातीला एक तुकडा देतात, त्यावर आपला मीटर त्यांच्या मीटरशी जुळवून घ्यायचा. त्यांचे २० किलोमीटर झाले तेव्हा आमच्या गाडीने २०.५ दाखवले. म्हणजे आमचा मीटर प्रत्येक किलोमीटरला २५ मीटर जास्त सांगत होता. मी ते लिहून घेतलं. आणि पहिल्याच टप्प्यात वापरायला विसरलो.

बाबा काटा हलू न देता चालवत होते. वळणावर गेलेला सेकंद सरळ रस्त्यावर हळूच भरून काढत होते. मी ऐटीत सांगत होतो, "परफेक्ट, बाबा. झिरो एरर." मीटरवर १२.४ आले तेव्हा प्रत्यक्षात आम्ही ३०० मीटर मागे होतो. सेकंदाला १० मीटर, म्हणजे ३० सेकंद उशीर. मार्शलने वेळ दाखवली तेव्हा मला पुन्हा हिशोब करावा लागला नाही, चूक लगेच कळली.

वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. बाबा फक्त म्हणाले, "गेज कॅलिब्रेट केल्याशिवाय माप घ्यायचं नसतं रे. आमच्याकडे नवीन पोरं पहिल्या आठवड्यात हीच चूक करायची. चल, पुढचं वाच."

३४ वर्षं ते रोज कारखान्यात काय करत होते, ते मला त्या गाडीत पहिल्यांदा कळलं. माप, चूक, दुरुस्ती, पुन्हा माप. पुढच्या टप्प्यांत आमची चूक दोन-चार सेकंदांवर आली. शेवटून मोजलं तर आमचा नंबर चांगला होता. बाबा जेवणाच्या तंबूत त्यांच्याच वयाच्या तिघांशी टायरच्या हवेवर पाऊण तास बोलत होते. रिटायर झाल्यापासून कोणी त्यांना कामाचं काही विचारलंच नव्हतं. माझ्या मते, या वयातल्या रेसिंगचा मोठा आनंद तोच आहे. वेग त्यात थोडाच. आपल्याला जे येतं त्याची अजून कोणालातरी गरज आहे, ही गोष्ट मोठी.

तुमच्या घरात कोणी तयार झालं तर

कामाच्या चार गोष्टी सांगतो.

एक, स्पर्धा एफएमएससीआयच्या, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या महासंघाच्या, परवानगीची आहे का ते बघा. परवाना, तपासणी, रुग्णवाहिका हे सगळं त्यात येतं.

दोन, सार्वजनिक रस्त्यावर आपापसांत शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. टीएसडीतली सरासरी वेगमर्यादेत बसवलेली असते, ती पाळा. सेकंद भरून काढायला गाव-शाळेजवळ दामटू नका.

तीन, गाडीच्या विम्याची पॉलिसी उघडून "वापराच्या मर्यादा" वाचा. आपल्याकडच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल यांना संरक्षण नसतं. टीएसडी चालेल का, हे कंपनीकडून लेखी घ्या. आरोग्य विम्याचंही तेच.

चार, ट्रेडमिल टेस्ट, डोळे आणि गोळ्या. डॉक्टरांना "थोडं ड्रायव्हिंग करतो" असं गुळमुळीत सांगू नका. काय करणार, किती तास, किती उन्हात, सगळं सांगा. आणि पाणी तहानेवर नाही, घड्याळावर प्यायचं. आमच्या तक्त्यात आता दर २० मिनिटांना "पाणी" असं लाल पेनाने लिहिलेलं असतं.

थांबायचं कधी?

हे सगळ्यात अवघड. आम्ही एक ठरवलंय. मी शेजारून दिलेली सूचना एका दिवसात तीन वेळा निसटली, तर त्या दिवसापुरतं थांबायचं. लागोपाठ दोन स्पर्धांत तसं झालं, तर बाबांनी ड्रायव्हरची सीट सोडायची. वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दोघांनी सह्या केल्यात. आई साक्षीदार.

मागच्या महिन्यात एका रॅलीत रात्रीचा टप्पा होता. समोरून ट्रक आला आणि बाबा क्षणभर गप्प झाले. मी "डावीकडे" म्हणालो होतो, ते वळण गेलं. एकच सूचना निसटली होती, नियमात बसत नव्हती. तरी त्यांनी पुढे जाऊन गाडी कडेला घेतली, इंडिकेटर लावला आणि म्हणाले, "रात्रीचं आता नको." तो टप्पा आम्ही सोडला. घरी येताना गाडी मी चालवली. या वेळी मात्र ते गप्प नव्हते. चाकणपासून मारुंजीपर्यंत माझी सरासरी मोजत बसले होते.

पुढच्या रॅलीला आम्ही फक्त दिवसाचे टप्पे घेतलेत. सीटा अजून त्याच आहेत. कधीतरी बदलतील. तेव्हा वही त्यांच्या मांडीवर असेल आणि मीटरचा फॅक्टर ते तरी विसरणार नाहीत.

चला, आज एवढंच. तुमच्या घरी कोणाच्या कपाटात असा एखादा जुना फोटो असेल, तर आधी त्याची गोष्ट विचारा. गूगल नंतर करा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!